मुठीतला खटका

त्या चाकूच्या पात्याच्या मुळाशी एक खळगा होता. मोहरीचा अर्धा दाणा कसाबसा बसेल एवढा. चाकू मिटलेला असताना मुठीच्या पट्टीवरची बारीक पोलादी गोळी त्या खळग्यात जाऊन बसायची आणि पातं जागच्या जागी धरून ठेवायची. पात्यावर अंगठ्यासाठी दोन्ही बाजूंनी निघालेली एक खुंटी होती. ती ढकलली, की गोळी खळग्याचा काठ चढून बाहेर यायची. जोर लागायचा तो तेवढा काठ चढण्यापुरता. पुढे पातं सुळकन फिरायचं, आणि पुरतं उघडलं की तीच पट्टी आत सरकून त्याच्या टाचेमागे टक्कन बसायची.

"काठ कसा आहे?" बाईंनी विचारलं.

"गुळगुळीत. कुठे खरखरीत नाही," मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता म्हटलं.

"म्हणजे दर वेळी सारखाच जोर लागेल."

"लागायला हवा."

"हवा, की लागेल?"

"मोजते," मी म्हटलं.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा डॉ. नलिनी साखळकरांच्या हाताखाली दगडफुलांवर संशोधन करत होते. दगडफूल म्हटलं की लोकांना गोडा मसाला आठवतो, आणि त्यात चूक काही नाही. पण मसाल्यात पडतं ते त्या कुळातलं एखाददुसरं. बाकीचे भाऊबंद घाटातल्या झाडांच्या सालींवर राहतात. कुणी करडं, कुणी पोपटी, कुणी हळद सांडल्यासारखं. त्यांतल्या पुष्कळांना उंच फांद्या आणि ऊन लागतं, म्हणून बाई झाडांवर चढायच्या. कमरेला आणि मांड्यांना पट्टा, फांदीच्या बेचक्यातून टाकलेली दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक खाली आंतोनच्या हातात. आंतोन फर्नांडिस हा कॉलेजच्या जीपचा ड्रायव्हर. दोरी धरणं हे त्याच्या कामात बसत नव्हतं. पण एकदा बाईंनी धरायला सांगितली आणि पुढे ती दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला तो तयार होईना.

चढण्याचे बाईंचे नियम दोन. पहिला: एक हात झाडाचा, एक हात कामाचा, झाडाचा हात सुटता कामा नये. दुसरा: चाकू वर जाताना मिटलेला आणि खाली येताना मिटलेला, कारण ताणलेल्या दोरीशेजारी उघडं पातं नको. दोन्ही नियम एकत्र ठेवले की उरतं ते एवढंच: चाकू झाडावर गेल्यावर एका हाताने उघडता आणि एका हाताने मिटता आला पाहिजे.

बाईंचा जुना चाकू लाकडी मुठीचा होता. त्याला खटका असा नव्हताच. पाठीला एक कमान होती आणि ती पात्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत दाबत राहायची. मूठ मांडीवर टेकवून, पातं चिमटीत धरून, बाई तो वर्षानुवर्षं एका हाताने उघडत आल्या होत्या. त्या वर्षी दिवाळीनंतर मात्र त्या म्हणू लागल्या की कमान आखडली आहे. मी दोनदा तेल घातलं. मला ती आखडलेली वाटली नाही, पण तसं मी म्हटलं नाही.

मग बाईंनी मुलाकडून तीन नवे चाकू मागवून घेतले. मुलगा बेळगावला असायचा. एकाच्या पाठीत खाचेत बसणारा खटका होता. भक्कम, पण उघडताना त्याच्या कमानीशीही पहिल्यापासून झगडावं लागे. दुसऱ्याच्या गळ्यात फिरती कडी होती. त्याचं पातं सहज उघडायचं, मात्र ते पक्कं करायला कडी पिळावी लागायची आणि त्याला दुसरा हात हवा. तिसरा हा खळग्याचा. त्याच्या मुठीच्या एका बाजूचा पत्राच लांबट कापून त्याची पट्टी केली होती. मूठ हीच पट्टी आणि पट्टी हाच खटका.

आम्ही ते सगळे टेबलावर मांडून बसलो असताना आंतोन चहा घेऊन आला आणि दारातच थबकला.

"बाईनू, ह्या काय? दरोडो घालूचो आसा काय खंय?"

"घालायचाय," बाई म्हणाल्या. "घाटातल्या आडवण्याच्या शाळेवर. तिथल्या हिरड्यासाठी."

"मगे माका आदी सांगूक होया. जीपीत डिझेल भरून ठेवतंय. पळूक बरा."

"तू पळणार आणि आम्ही झाडावर लटकणार."

"दोरी सोडून पळूचंय नाय. दोरी घेऊनच पळान," आंतोन म्हणाला, आणि चहा ठेवून निघून गेला.

पदार्थविज्ञान विभागातून मी स्प्रिंगकाटा आणि एक छोटा वाइस, वस्तू आवळून धरणारा शिकंजा, मागून आणला. "हाताने मोजू नकोस," बाई म्हणाल्या. "हात फसवतो. वाइसमध्ये धर." मी एकेका चाकूची मूठ शेवटाकडून वाइसमध्ये आवळली, काट्याचा हूक पात्याला अडकवला आणि ओढत गेले. जुना चाकू आणि पाठीच्या खटक्याचा चाकू यांना शेवटपर्यंत ओढावं लागलं. खळग्याच्या चाकूचा काटा जरासा हलला, टक् झालं, आणि पुढे काही नाहीच. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दर वेळी तेच.

"हाच," मी म्हटलं. "सगळ्यांत कमी."

बाई काचेचा चहाचा ग्लास उजव्या अंगठ्याच्या मुळाशी टेकवून बसल्या होत्या. चहा केव्हाच संपला होता. "नक्की?"

"नक्की. लहान मुलालाही उघडेल."

"मग झालं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की चाकू निवडण्याच्या मानाने तो आनंद मला जरा जास्तच वाटला.

बाई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. पुढे घाटातल्या झाडांची पाहणी चालू राहायची होती, कागदोपत्री तिची जबाबदारी माझ्याकडे यायची होती. फक्त झाडावर कोण चढणार, हे ठरत नव्हतं. विभागप्रमुखांनी विचारलं, बाई म्हणाल्या, "बघू." बेळगावहून मुलगा फोनवर ओरडायचा, "आई, बास झालं आता!" त्यालाही "बघू." मी कॉलेजच्या आवारातल्या आंब्यावर चढायला शिकले होते, बाईंनीच शिकवलं होतं, पण रानात गेलो की पट्टा बाई बांधायच्या आणि मी खाली नमुन्यांची पाकिटं घेऊन उभी राहायची. पट्ट्याची माझी मापं आणि त्यांची मापं वेगळी. आंब्यावरून उतरल्यावर पट्टा पुन्हा त्यांच्या मापाचा करून खुंटीला लावायचा, हा अलिखित दंडक होता. एकदा मी विसरले. दुसऱ्या दिवशी सगळी बक्कलं स्वतःच्या मापावर आणून बाईंनी पट्टा परत टांगला, एवढंच.

मलाही त्यांना विचारायचं होतं. पण "मी चढू का?" असं विचारणं म्हणजे "तुम्ही कधी थांबणार?" असं विचारणं झालं असतं. ते माझ्याच्याने होईना.

आडवण्याच्या शाळेमागे एक म्हातारा हिरडा होता. त्याच्या वरच्या फांदीवर एक करडं-हिरवं दगडफूल बाई नऊ वर्षं पाहत होत्या. कुठल्याच ओळखीच्या जातीत ते बसत नव्हतं. पण ते कुठलं, हे ठरवायला त्याच्या वाट्या लागतात. दगडफुलावर बीजाणूंच्या इवल्या वाट्या येतात, कधी येतात, कधी वर्षानुवर्षं येतच नाहीत. ह्याला नऊ वर्षांत आल्या नव्हत्या. त्या डिसेंबरात बाईंना दुर्बिणीतून पहिल्यांदा वाट्या दिसल्या. त्या दिवशी बरोबर दोरी नव्हती. आणि जानेवारीत शाळेच्या गुरुजींचा निरोप आला: हिरडा कौलांवर कलला आहे, शुक्रवारी तोडायचा ठरलंय, मुलांच्या डोक्यावर पडण्यापेक्षा बरं.

आम्ही गुरुवारी सकाळी निघालो.

घाटात धुकं होतं आणि जीपमध्ये बाईंच्या हातात नवा चाकू होता. टक्. मिटायचा. टक्. मिटायचा.

"बाईनू," आंतोन वळण घेता घेता म्हणाला, "गाडीत पाल चुकचुकता काय?"

"शुभ असतं," बाई म्हणाल्या. टक्.

"पाल खंय चुकचुकता त्येच्यावर आसा ता."

बाई हसल्या. सीटला पाठ टेकून, पाय पसरून त्या चाकू उघडत होत्या, आणि तो दर वेळी उघडत होता. मला माझ्या मोजमापाचा मनातून अभिमान वाटत होता.

शाळेची मुलं त्या दिवशी देवळाच्या मंडपात बसवली होती. तिथून पाढे ऐकू येत होते; एक मुलगी सगळ्यांच्या अर्धा शब्द पुढे पळत होती. आंतोनने वाळूची पिशवी भिरकावून दोरी बेचक्यात टाकली. बाईंनी पट्टा चढवला, चाकू मिटवून कमरेच्या खिशात ठेवला, त्याची नाडी पट्ट्याला बांधली आणि चढायला लागल्या.

त्यांचं चढणं मी किती वेळा पाहिलं होतं, तरी पाहत राहायची. घाई नाही, दमणं नाही. जिना चढताना एखाद्या बाईला मध्येच काहीतरी आठवावं तशा त्या मधूनच थांबायच्या, सालीवर काहीतरी बघायच्या, आणि पुढे जायच्या. कौलांच्या वर गेल्यावर बाई त्या फांदीशी पोचल्या. डावा हात फांदीभोवती गेला. उजवा हात खिशाकडे गेला.

मी पाकीट उघडून तयार ठेवलं.

टक् आलं नाही.

त्यांचं कोपर हललं, थांबलं, पुन्हा हललं. पानांमधून मला त्यांची पाठ दिसत होती, हात दिसत नव्हता. मंडपातले बाराचे पाढे संपून तेराचे सुरू झाले.

"बाई?" मी हाक मारली.

"थांब."

मग त्यांनी हात तोंडाजवळ नेलेला दिसला.

"बाईनू, दातांनी नको हां!" आंतोन खालून ओरडला. "दाताचो डाक्टर सावंतवाडीक आसा!"

काही वेळाने वरून शांत आवाजात "सोड दोरी हळूहळू," एवढंच आलं. त्या खाली उतरल्या. चाकू मिटलेलाच होता.

"अडकला का?" मी विचारलं.

"चाकू नाही अडकला." त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. अंगठ्याच्या मुळाशी सूज होती. ती आजची नव्हती. "गणपतीपासून आहे. डॉक्टर म्हणतात, सांध्यातली कूर्चा झिजली. डब्याची झाकणंसुद्धा मी आंतोनकडून उघडून घेते, तुझ्या लक्षात आलं नाही?"

आंतोन दोरीकडे बघत राहिला. त्याच्या लक्षात आलं होतं.

"कमान आखडली नव्हती तर," मी म्हटलं.

"नव्हती. म्हटलं, खटका बदलून बघू. सगळ्यांत हलका शोधू. तू शोधलास. तुझं माप बरोबरच असणार." त्यांनी हात खाली घेतला. "गाडीत उघडत होता. वर गेल्यावर हाताने दगा दिला. सगळ्यांत हलकाही जमत नसेल, तर मग..."

त्यांनी पट्टा सोडला, बक्कलं सैल केली. "चढ तू. तुझ्या मापाचा करून घे. आजच्यापुरता."

चाकू त्यांनी माझ्या हातात दिला नाही, शाळेच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, ठेवला. मी तो तिथून उचलला. धारेची वस्तू हातोहात दिली की भांडण होतं, हे त्यांच्या आईचं म्हणणं. बाईंचा त्यावर विश्वास नव्हता, आणि त्यांनी ते कधी मोडलंही नव्हतं.

आंब्यावर चढणं वेगळं. आंब्याखाली आपलं आवार असतं. हिरड्यावर मी कौलांच्या वर आले तेव्हा खाली शाळेचं छप्पर, त्याखाली उतार, उताराखाली धुकं. दोरी ताणलेली होती, पडणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी माझा डावा हात फांदीला असा चिकटला की सालीचे वळ मनगटावर उठले.

वाट्या समोर होत्या. दुर्बिणीत त्या ठिपक्यांसारख्या दिसायच्या. इथे त्या खरोखरच्या वाट्या होत्या, तपकिरी, पातळ कडांच्या, कुणी बाहुलीचा संसार मांडावा तशा. मी चाकू काढला, मुठीत धरला, अंगठा खुंटीला लावला आणि ढकललं.

उघडला नाही.

पुन्हा ढकललं. अंगठ्याचं नख पांढरं पडलं. चाकू आणखी घट्ट धरून पुन्हा. जणू कुणी पातं मुठीला डाग देऊन चिकटवलं होतं.

मी एकोणतीस वर्षांची होते आणि माझ्या अंगठ्याला काहीही झालं नव्हतं.

म्हणजे दोष अंगठ्याचा नाही, हा विचार आला आणि मी थोडी शांत झाले. "हेमांगी, काय झालं?" खालून बाईंचा आवाज आला. "काही नाही," मी म्हटलं. उजवा हात भरून आला होता, म्हणून मी बाजू बदलली. चाकू नाडीवर सोडला, उजवा हात फांदीभोवती घातला, तो पक्का बसल्यावर डावा सोडला आणि लोंबणारा चाकू त्या हातात घेतला. माझ्या डाव्या हाताला सुईत दोरा ओवता येत नाही. त्या हाताने मी खुंटी ढकलली.

टक्.

मी त्या उघड्या पात्याकडे बघत राहिले. मग कामाचं आधी म्हणून डाव्या हातानेच, वेड्यावाकड्या चालीने, सालीचा वाट्यांसकट एक तुकडा सोडवला आणि पाकिटात सरकवला. नंतर डाव्याच हाताने चाकू मिटला, पुन्हा बाजू बदलली, आणि या वेळी उजव्या हाताने ढकलण्याआधी मुठीकडे नीट पाहिलं.

माझी चारही बोटं पट्टीवर होती.

उजव्या हातात चाकू धरला की बोटं त्या बाजूला येतात, जिथे पत्रा कापून पट्टी केली आहे. मी मूठ आवळली की पट्टी आत दाबली जायची. पट्टी दाबली की गोळी खळग्यात रुतायची. जितकं घट्ट धरावं तितका चाकू बंद. डाव्या हातात बोटं पलीकडच्या बाजूला, त्या बाजूला पट्टीच नाही. मी उजवी बोटं उचलली, मूठ नुसत्या कडांनी धरली, अंगठ्याने हलकेच ढकललं. टक्. मिटला. मूठ आवळली, नाही. सैल केली, टक्.

"हेमाताई," खालून आंतोन ओरडला, "थंय वर पाल कित्याक गो चुकचुकता?"

मी हसत हसतच खाली आले.

"मिळालं?" बाईंनी विचारलं.

"मिळालं. बाई, माप चुकलं."

"कसलं माप?"

"चाकूचं. मी वाइसमध्ये धरून मोजलं. वाइसने मूठ शेवटाकडून धरली होती, पट्टी मोकळी होती. हातात तशी राहत नाही. घट्ट धरलं की बोटं पट्टी दाबतात. माझ्याच्यानेही उघडला नाही वर. उजव्या हाताने अजिबात नाही."

"तुझ्याच्यानेही?"

"अजिबात नाही. डाव्याने उघडला. मग बोटं सैल केली, तेव्हा उजव्याने."

बाई चष्मा वर सारून माझ्याकडे बघत होत्या. "गाडीत मी आरामात बसले होते," त्या हळूहळू म्हणाल्या.

"आणि मी टेबलाशी."

"आपण चाकूचं माप घेतलं. धरणाऱ्याचं घेतलंच नाही." त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. "वाइसला उंचीची भीती वाटत नाही."

"तेच."

"मला वाटते असं म्हणतेस?"

आंतोन खाकरला.

"तू कशाला खाकरतोस रे?"

"माजा काय नाय. पण इतकी वर्सां दोरी माज्या हातात आसा. दोरीत सगळा कळता, बाईनू. ह्या वर्सी तुमी फांदी गाठलात काय दोरी माका सांगता, आता बाईनी झाड घट धरलेनी."

"गप."

"गप तर गप."

बाईंनी हात पुढे केला, मग आठवून मागे घेतला. मी चाकू गडग्यावर ठेवला, त्यांनी उचलला. त्या हिरड्याच्या बुंध्याशी गेल्या, डावा हात त्याच्याभोवती घातला, गाल सालीला टेकेल इतक्या जवळ, वर असतात तशा. उजव्या हातात चाकू आवळून ढकललं. उघडला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बोटं उचला," मी म्हटलं. "पट्टीवरून. नुसत्या कडा धरा."

एकेक करून बोटं उचलली गेली. करंगळी सगळ्यांत शेवटी. अंगठा सरकला.

टक्.

बाईंनी तो मिटला. पुन्हा उघडला. बुंध्याला तशाच बिलगून त्यांनी तो उघडला आणि मिटला, उघडला आणि मिटला, आणि मंडपातले पाढे त्या टकटकीला ताल धरल्यासारखे चालले होते.

"दुखतंय?" मी विचारलं.

"दुखतंय ना. पण उघडतो." त्या बुंध्यापासून दूर झाल्या. कपाळाला सालीची भुकटी लागली होती, ती त्यांनी पुसली नाही. "उघडतो, हेमांगी!"

आम्ही गडग्यावर बसलो. बाईंनी भिंगातून तुकडा पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि भिंग माझ्याकडे सरकवलं. "नऊ वर्षं," त्या म्हणाल्या. आंतोनने डबा काढला. त्याच्या बायकोने घावणे दिले होते आणि सुक्या खोबऱ्याची चटणी. लोणच्याची बाटली बाईंनी सरळ त्याच्यापुढे धरली. एरवी त्या ती नुसती त्याच्या बाजूला ठेवून द्यायच्या.

"उघड बाबा. हिला बोटं सैल करून चालत नाही."

आंतोनने झाकण फिरवलं. "बायलेन आवळल्यान ती. तिका सांगूक होया, भीती कसली वाटता म्हणान."

धुकं वर सरकत गेलं आणि घाटाखालची झाडं एकेक करून दिसायला लागली. बाईंनी तीन घावणे खाल्ले. मी त्यांना एका बैठकीत तीन घावणे खाताना पूर्वी पाहिलं नव्हतं. मंडपात शाळा सुटल्याचा गलका झाला. पाढ्यांत पुढे पळणारी ती मुलगी बहुधा घरीही सगळ्यांच्या पुढे पळत गेली असावी.

"दक्षिणेकडच्या फांदीवरही आहे तेच," बाई वर बघत म्हणाल्या. "तिथला एक तुकडा हवा. एकाच फांदीवरून नाव देता येत नाही. उद्या झाड नसेल."

"हो," मी म्हटलं.

आंतोनने हात धुतले-पुसले आणि दोरी दुसऱ्या बेचक्यात टाकली. मग गवतावर पडलेला पट्टा उचलला. तो माझ्या मापाचा होता. मांड्यांची बक्कलं आत ओढलेली, कमरेचं दोन भोकं पुढे. त्याने तो झटकला, एका बक्कलात बोट घातलं आणि नेहमीसारखा बाईंकडे वळला.

"बाईनू, तुमच्या मापाचो करू?"

बाईंनी चाकू मिटला. त्या वर पाहत होत्या. दक्षिणेकडची फांदी चढायला पहिलीपेक्षा सोपी होती, मध्ये दोन चांगल्या खोबणी होत्या, आणि ऊन आता नेमकं तिच्यावर आलं होतं. त्यांची नजर बुंध्यापासून निघाली, एका खोबणीवर थांबली, दुसरीवर थांबली, फांदीपर्यंत गेली आणि तिथे थोडी टेकली. चढतानाही त्या अशाच थांबत जायच्या. मग नजर खाली आली. त्यांनी चाकू गडग्यावर ठेवला, माझ्या बाजूला.

"नको," त्या म्हणाल्या. "हेमांगीच्याच मापाचा राहू दे. चाकू उघडत नाही म्हणून थांबायचं नव्हतं मला. मी आता झाडावर चढणार नाही."